तुसाच्या राखेची आधी प्रत ठरवा : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : धानाच्या तुसाची राख काँक्रीटमध्ये वापरण्यास मान्यता कोणी आणि कशाच्या आधारे द्यावी

महोदय,

आपल्या विभागाचे काँक्रीटचे काम ज्या भारतीय मानक ४५६ वर चालते, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत तुसाच्या राखेबद्दल एक छोटे कलम आहे : ५.२.१.३. हवे ते गुण आणि सातत्य देणारी राख निर्णय घेणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने वापरता येईल, असे ते म्हणते. त्याखालची टीप जास्त महत्त्वाची आहे. राख भलतीसलती निघाली तर ती काँक्रीटमध्ये गाळाइतकी घातक ठरू शकते, म्हणून प्रत्येक ठिकाणची राख वेगळी तपासा, ती पाणी किती मागते आणि सुकताना काँक्रीट किती आकसते ते आधी पाहा, असा त्या टिपेचा आशय आहे. म्हणजे मानकाने दार लोटलेले आहे, कडी लावलेली नाही. पण साइटवरचा उपअभियंता हे कलम वाचतो तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : हा प्राधिकारी म्हणजे कोण, आणि त्याच्यापुढे कोणता कागद ठेवायचा? हे पत्र त्या कागदासाठी आहे.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर हा आपला धानाचा पट्टा. शंभर क्विंटल धान भरडले की साधारण वीस क्विंटल तूस निघते आणि ते सगळे जाळले तर चार क्विंटलच्या आसपास राख उरते. अरवा (न वाफवलेला) तांदूळ काढणारी राईस मिल तूस विकून मोकळी होते. ते वीटभट्टीला किंवा कुठल्या तरी बॉयलरला जाते. उष्णा तांदूळ काढणारी मिल मात्र तेच तूस स्वतःच्या बॉयलरखाली घालते, कारण धान वाफवायला आणि वाळवायला तिला वाफ लागते. राख साचते ती अशा गिरण्यांच्या मागे. जुन्या हलरचा (साध्या भरडणी यंत्राचा) प्रश्न इथे येत नाही. त्यात तूस आणि कोंडा एकत्रच निघतो आणि जनावरांच्या तोंडी जातो.

धानाचे रोप जमिनीतून सिलिका ओढते आणि टरफलात साठवते. त्यामुळे न जळलेला कोळसा बाजूला काढला तर राखेत सिलिका ८५ ते ९५ टक्के भरते. दगडी कोळशाच्या राखेत एवढी सिलिका कधीच नसते. म्हणून लोक म्हणतात, ही राख म्हणजे फुकटची मायक्रोसिलिका (काँक्रीटमध्ये घालायची सिलिकेची अतिबारीक पूड, हिलाच सिलिका फ्यूम म्हणतात). इथेच गल्लत होते. सिलिका किती आहे याला अर्धेच महत्त्व आहे. ती कोणत्या रूपात आहे यावर सगळे ठरते. तूस ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला बेताने जळले तर सिलिका अस्फटिक, म्हणजे स्फटिकासारखी ठरावीक रचना नसलेली, राहते. सिमेंट भिजताना जो चुना सुटतो त्याच्याशी तिची अभिक्रिया होते आणि काँक्रीटची छिद्रे बुजतात. आच ८०० अंशांच्या वर जाऊन तिथे रेंगाळली की तीच सिलिका क्रिस्टोबलाइट नावाचे स्फटिक रूप घेऊ लागते. मग ती सिमेंटच्या जागी घातलेली महाग रेती ठरते. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रा. पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकातच हा बेताने जाळण्याचा मुद्दा मांडला होता. आपल्याकडे तो अजून बॉयलरपर्यंत पोहोचायचा आहे.

बॉयलरपाशी काय होते ते पाहा. पायऱ्यांच्या जाळीवर तूस जाड थराने सरकते. वरचा थर धडधडून पेटतो, खालचा अर्धवट जळून काळाच बाहेर पडतो. एकाच पाळीच्या राखेत कोळसाही सापडतो आणि जास्त भाजलेली सिलिकाही. फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरमध्ये (यात इंधन खालून सोडलेल्या हवेवर तरंगत जळते) आच बरीचशी सारखी राहते आणि कोळसा कमी उरतो, पण तिथेही भार वाढला की तापमान ८०० च्या पार जाते. त्यात हंगामाच्या मध्ये तूस कमी पडले की पऱ्हाटी, तुऱ्हाटी (कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडे), लाकूड, कधी दगडी कोळसाही आत जातो. पऱ्हाटीसोबत पोटॅश येते. पोटॅशने राख कमी तापमानाला मऊ होऊन चिकटते आणि कोळशाचे कण तिच्या पोटात अडकून राहतात. मग कितीही जाळा, ते जळत नाहीत. मिश्र इंधनाची राख काँक्रीटसाठी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राख बाहेर आल्यावरचा घोळ आणखी वेगळा. गरम राखेचा ढीग घातला की आतला कोळसा मंद पेटत राहतो. दोन दिवसांनी ढीग फोडला तर वरून काळा, मध्ये राखाडी आणि गाभ्यात पांढरट गुलाबी झाक दिसते. ही गुलाबी झाक बहुतेक वेळा जास्त तापल्याची खूण असते. राख जितकी पांढरी तितकी चांगली, हा ठेकेदारांचा समज म्हणूनच धोक्याचा आहे. पांढरी म्हणजे फक्त कोळसा कमी. अस्फटिक असेलच असे नाही. दुसरीकडे, धूळ उडू नये म्हणून ढिगावर पाण्याचा पाइप सोडतात. भिजलेली राख वजनाला भरते, दळताना चक्कीच्या भिंतींना चिकटते आणि आधी वाळवण्यासाठी पुन्हा इंधन मागते. शिवाय लोडरच्या बकेटमधून खालची माती आणि मुरूम वर येतो तो वेगळाच. यावर उपाय साधा आहे : बॉयलरमधून निघालेली राख बंद स्क्रू कन्व्हेयरने पत्र्याच्या टाकीत घ्यायची, कोरडीच थंड होऊ द्यायची आणि प्रत्येक पाळीचा वेगळा लॉट धरायचा.

तपासणीला फार खर्च नाही. पहिली चाचणी ज्वलनाने होणाऱ्या वजनघटीची; राखेत न जळलेला कोळसा किती उरला ते तिच्यावरून कळते. दगडी कोळशाच्या राखेसाठी भारतीय मानक ३८१२ ही घट ५ टक्क्यांपर्यंत चालवते, सिलिका फ्यूमसाठी १५३८८ मध्ये मर्यादा ४ टक्के आहे. तुसाच्या राखेला सुरुवातीला ५ टक्के धरावेत. दुसरी, भारतीय मानक १७२७ प्रमाणे चुन्याशी अभिक्रियेची चाचणी; ३८१२ त्यासाठी किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर मागते. तिसरी, सिलिकेचे रूप. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र लागते. त्याच्या आलेखात साधारण २२ अंशांच्या कोनावर पसरट फुगवटा दिसला तर सिलिका अस्फटिक; तिथेच सुईसारखे टोक आले तर क्रिस्टोबलाइट. हे यंत्र प्रत्येक तालुक्याला नको, नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेकडून महिन्याला एक नमुना पाहून घेतला तरी पुरे. रोजच्या अंदाजासाठी गिरणीवर कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणाची चाचणी करता येते. अस्फटिक सिलिका त्यात भराभर विरघळते, स्फटिक झालेली तळाशी बसून राहते. गॉगल आणि हातमोजे घालूनच हे करावे, आणि त्यावर मान्यता देऊ नये. लॉट बाजूला काढण्यापुरतीच ती चाचणी आहे.

मग दळण. न दळलेल्या राखेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसतो. ही पोकळी पाणी पिते. अशी राख थेट मिक्सरमध्ये टाकली की काँक्रीट आखडते, मजूर वरून पाणी ओततात आणि ताकद जाते. दोष राखेवर येतो. बॉल मिलमध्ये दळून सरासरी कण १० मायक्रॉनच्या खाली आणला की पोळे फुटते आणि पाण्याची मागणी आवाक्यात येते. दळणाने आणखी एक काम होते. सैल राख घनमीटरला जेमतेम १०० ते २०० किलो भरते. वीस घनमीटरच्या हौद्यात फार तर चार टन. ट्रक हवाच वाहून नेतो म्हणा ना. म्हणून दळण गिरण्यांच्या जवळच व्हायला हवे, आणि पुढे जावी ती दळलेली, पोत्यात भरलेली राख.

प्रत्यक्ष मिश्रणाचे एक उदाहरण देतो. एम-३० काँक्रीट (२८ दिवसांनी ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे), घनमीटरला एकूण ३८० किलो बंधक, म्हणजे सिमेंट आणि राख मिळून. १० टक्के राख धरली तर ३४२ किलो सिमेंट आणि ३८ किलो राख. राखेचे विशिष्ट गुरुत्व २.१५ च्या आसपास आणि सिमेंटचे ३.१५, त्यामुळे तेवढ्याच वजनाची राख साडेपाच लिटर जास्त जागा खाते. तेवढी म्हणजे सुमारे १५ किलो रेती कमी करावी लागते. हे न केल्यास घनमीटरचा हिशेब चुकतो. पाणी वाढवायचे नाही. ओतण्याजोगा सैलपणा सुपरप्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाने) आणायचा. राखेत कोळसा जास्त असेल तर तो हे रसायन शोषून घेतो आणि स्लम्प (ओल्या काँक्रीटच्या सैलपणाचे माप) अर्ध्या तासात बसतो. वजनघटीची मर्यादा पाळायची ती मुख्यतः यासाठी. राख मिक्सरमध्ये थोड्या पाण्याबरोबर आधी घोळवावी. कोरडी वरून झोकली तर अर्धी उडते, उरलेल्याच्या गुठळ्या होतात. पाणी मारणे १४ दिवस. मिश्रणात असे खनिज पूरक असले की मानकही तेवढेच सुचवते, आणि विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये यात सूट देणे म्हणजे स्लॅबला आपणच तडे पाडणे.

यात एक खड्डा आहे, तो आदेशात ठळक लिहायला हवा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के दगडी कोळशाची राख आधीच असते. त्यावर तुसाची राख घातली तर चुना दोघांना पुरत नाही आणि सुरुवातीची ताकद घसरते. तुसाची राख फक्त ओपीसीबरोबर, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या पोर्टलँड सिमेंटबरोबर, असा नियम असावा.

आता आपले अधिकारी विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवे : तिरोड्यापासून कोराडीपर्यंत औष्णिक केंद्रे आहेत, त्यांची राख जवळजवळ फुकट मिळते, केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ३०० किलोमीटरच्या परिघातल्या बांधकामांनी ती वापरायची आहे, मग ही दुसरी राख कशाला? विटा, भराव आणि साध्या रस्त्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तिथे तुसाची राख नेऊच नका. हिची जागा जिथे आज बाहेरून आणलेली सिलिका फ्यूम लागते तिथे आहे : जास्त ताकदीचे काँक्रीट आणि खाऱ्या पाण्यातले काँक्रीट. चांगली दळलेली अस्फटिक राख १० टक्के घातली की खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडची आत शिरण्याची वाट लक्षणीय अरुंद होते आणि लोखंड उशिरा गंजते. रत्नागिरी, सिंधुदुर्गातले खाडीपूल आणि जेट्ट्या हे तिचे खरे गिऱ्हाईक. धान पूर्व विदर्भाचे आणि गरज कोकणाची, हे गणित दळलेल्या राखेच्या पोत्यानेच सुटते.

काँक्रीटमध्ये न बसणारी राखही वाया जात नाही. जास्त भाजलेली, स्फटिक राख पोलाद कारखान्याला चालते. टंडिश नावाच्या भांड्यात वितळलेले पोलाद साच्यात जाण्याआधी थांबते. त्यावर ही राख पांघरली की उष्णता धरून राहते. गोंदियाच्याच रेल्वेमार्गावर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. अस्फटिक राख कॉस्टिक सोड्यात शिजवून सोडियम सिलिकेट आणि त्यापुढे टायरमध्ये घालायची सिलिका करता येते; गुडइयरने २०१४ मध्येच तुसाच्या राखेपासूनची सिलिका टायरमध्ये वापरणार असल्याचे जाहीर केले होते. पण प्रत ठरल्याशिवाय यातले कोणतेच गिऱ्हाईक भाव सांगत नाही. आज काळी, गुलाबी, भिजलेली, मुरूम मिसळलेली अशी सगळी राख एकाच ढिगात पडते. तो ढीग रस्त्याकडेला, धुऱ्यावर किंवा बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) काठावर रिकामा होतो. वाऱ्यावर ती अंगणात येते, पावसात पाण्यावर तरंगते.

आरोग्याचे एक वाक्य आदेशात हवेच. श्वासातून आत जाणारी स्फटिक सिलिका सिलिकोसिस करते आणि ती कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. दळणाच्या आणि पोती भरण्याच्या जागी बॅग फिल्टर आणि योग्य मास्क असल्याशिवाय कोणत्याही पुरवठादाराला यादीत घेऊ नये. तोंडाला गमछा बांधणे हा बंदोबस्त नव्हे.

आपल्याकडे मागणी एवढीच. एका परिपत्रकाने कलम ५.२.१.३ मधला प्राधिकारी ठरवा. मुख्य अभियंता हे पद आम्हाला योग्य वाटते. वर लिहिलेल्या मर्यादा त्याला जोडा आणि लॉट तपासणी विभागाच्या दक्षता व गुणनियंत्रण प्रयोगशाळांकडे द्या. राज्य दरसूचीत दळलेली, तपासलेली राख ही वेगळी बाब करा. दळण, पॅकिंग आणि वाहतूक निरनिराळे दाखवा, म्हणजे भिजलेली राख कोरडीच्या भावाने कोणी खपवणार नाही. सुरुवात पुलापासून करू नका. पूर्व विदर्भात एका गावाचा काँक्रीट रस्ता आणि गटाराची झाकणे, कोकणात जेट्टीचा एक बदलायचा स्लॅब, एवढी कामे घ्या. प्रत्येक ठिकाणी शेजारीच बिनराखेचा तुकडा ओता, दोन्हींचे ठोकळे ७, २८ आणि ९० दिवसांनी फोडा, २८ आणि ९० दिवसांना क्लोराइड चाचणी करा आणि निकाल, वाईट आले तरी, विभागाच्या संकेतस्थळावर टाका.

पोत्यावर छापायचा मजकूर आम्ही असा सुचवतो : लॉट क्रमांक, बॉयलरचा प्रकार, इंधन फक्त तूस की मिश्र, वजनघट, ओलावा, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेले टक्के, दळल्याची तारीख. इंधनाच्या रकान्यात खोटे लिहिणाऱ्याचे नाव यादीतून काढा.

वेळेचे भान मात्र ठेवावे लागेल. नवे धान दिवाळीच्या सुमारास येते, भरडाईचा जोर त्यानंतरचे काही महिने असतो आणि बॉयलर सलग चालतात ते तेव्हाच. नमुने याच काळात, एकाच गिरणीतून आठवड्याला एक असे किमान बारा घ्यावे लागतील; एका नमुन्यावरून सातत्य कळत नाही. परिपत्रक मार्चअखेरच्या बिलांच्या गर्दीत निघाले तर पहिला नमुना पुढच्या हंगामावर जाईल.

आपले,
पूर्व विदर्भातील राईस मिलच्या बॉयलरवर आणि काँक्रीटच्या प्रयोगशाळांत काम करणारे काही अभियंते व तंत्रज्ञ