सिकलसेलची पदयात्रा इंदोऱ्यात यावी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. त्या दिनानिमित्त नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये निघालेल्या वॉकथॉनमध्ये यंदा आमच्या घरचे सगळे आणि माझ्या शाळेतल्या सहकारी मैत्रिणी सामील झालो. नोंदणीचे पैसे रुग्णांच्या औषधपाण्यासाठी जाणार होते. पहाटे उठून हा खटाटोप करणाऱ्या संयोजकांचे मनापासून आभार मानते आणि त्यांच्याकडे एक मागणीही करते.

माझी पुतणी ‘एसएस’ आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडून हा दोष आलेली, प्रत्यक्ष रुग्ण. लहानपणी तिचे डोळे पिवळे दिसायचे, तेव्हा कावीळ समजून झाडपाल्याचे औषध दिले गेले. हातपाय ठणकायचे, तर वाढत्या वयाचे दुखणे म्हणून तेल चोळले. तपासणी झाली तेव्हा कुठे खरे कारण कळले. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलची पेशी जेमतेम १० ते २०. म्हणून रक्त कायम कमी. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की असह्य वेदना होतात, आणि शरीरातले पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा दमछाक झाली की ते दुखणे उसळते.

जूनमधल्या नागपूरच्या उकाड्यात ती आमच्यासोबत पूर्ण अंतर चालणे शक्यच नव्हते. ती तिच्या आईजवळ पाण्याच्या टेबलावर बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला ग्लास देताना सांगत राहिली, “मलाही दिवसभर असंच पाणी प्यावं लागतं.” त्या सकाळी या आजाराबद्दल सर्वांत जास्त प्रश्न तिलाच विचारले गेले. आम्ही मात्र फलक घेऊन बंगल्यांच्या कुंपणांजवळून चालत होतो.

ज्या घरांत हा आजार आहे, ती घरे आमच्या उत्तर नागपुरात आहेत. तिथे आजही तपासणी टाळली जाते. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, “पोरीले तपासाले नेलं अन् काही निघालं, तं तिचं लग्न कसं जमन?” ही भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. पण त्यांना कोणीतरी समोर बसून सांगायला हवे, की ‘एएस’ म्हणजे वाहक, एकाच पालकाकडून दोष आलेला. तो आजारी नसतो, त्याने कुणाशीही लग्न करावे. फक्त जोडीदारही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे लग्नाआधी ठाऊक असले, तर डॉक्टरांचा सल्ला वेळेत घेता येतो.

केंद्राने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. पहिल्या चाचणीला बोटातले थोडेसे रक्त पुरते. तरीही माणसे तपासणीच्या टेबलापर्यंत येत नसतील, तर टेबल त्यांच्या दारी न्यायला हवे.

म्हणून मागणी अशी: पुढच्या वर्षी पदयात्रा संविधान चौकातून निघून गड्डीगोदाम, कडबी चौकमार्गे इंदोरा चौकात यावी. कामठी रोडवर उड्डाणपुलाची सावलीही मिळते. टी-शर्ट आणि पदकांवरचा खर्च थोडा कमी करून शेवटच्या टप्प्यावर तपासणीचे टेबल आणि समुपदेशक ठेवावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे अनेक पालकांना माहीतच नाही. प्रमाणपत्राचे अर्ज भरून देणारे दोघे जण बसले, तरी मोठे काम होईल. आणखी एक. १९ जूनला विदर्भातल्या शाळांना सुट्टी असते. शाळा उघडल्यावर, थंडी पडायच्या आत, मुलांसाठी छोटी फेरी वेगळी काढता आली तर फार बरे.

पाणी, चहा आणि बसायच्या सतरंज्यांची सोय आम्ही वस्तीतल्या बायका करू. संयोजकांनी फक्त तारीख कळवावी.

एक शिक्षिका,
इंदोरा, नागपूर