हत्तीरोगाच्या गोळ्या दारापर्यंत येतात, सुजेवरचा उपचारही येऊ द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी पूर्व विदर्भात फिजिओथेरपिस्ट आहे. हातापायाला कायमची सूज असलेले, म्हणजे लिम्फेडिमाचे, रुग्ण माझ्याकडे सतत येतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे एक मागणी आहे. हवेच्या दाबाने सूज उतरवणारा, घरी वापरायचा कॉम्प्रेशन पंप, त्यानंतर बांधायच्या पट्ट्या व घट्ट मोजे, आणि हे सगळे शिकवणारा माणूस, या तिन्ही गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रातून एकत्र मिळाव्यात. पंप रुग्णाला वापरापुरता द्यावा आणि काम झाले की परत घ्यावा. तिन्हींपैकी एकच दिली तर सरकारचा पैसा वाया जाईल आणि रुग्णाचा विश्वासही जाईल.

आपल्या विभागाने हत्तीरोगाविरुद्ध केलेले काम मी जवळून पाहिले आहे. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या वर्षानुवर्षे घरोघर वाटल्या गेल्या. 2019 मध्ये आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची मोहीम देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत झाली, त्यांत आपले नागपूर होते. आशाताई दारात उभ्या राहून समोर गोळ्या गिळायला लावतात, हत्तीरोगाची पथके रात्री रक्तनमुने घ्यायला वस्त्यांवर जातात. 2027 पर्यंत देशातून हत्तीरोगाचे दूरीकरण करायचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी ही मेहनत चालली आहे. पण या गोळ्या रक्तातल्या सूक्ष्म जंतांवर काम करतात. ज्या पायाच्या लसिकावाहिन्या, म्हणजे कातडीखालचा द्रव वर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, कायमच्या बिघडल्या, तो पाय गोळ्यांनी उतरत नाही. उद्या एकही नवा रुग्ण सापडला नाही तरी आज सूज असलेली माणसे पुढची कित्येक वर्षे आपल्यातच असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमात प्रसार थांबवणे आणि आधीच आजारी असलेल्यांचा त्रास कमी करणे, ही दोन्ही कामे पहिल्यापासून आहेत. आपल्याकडे दुसरे काम बहुतेक वेळा टब, मग, साबण, टॉवेल आणि मलमाच्या किटपाशी संपते.

ते किट मी कमी लेखत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते आणि तिथून जंतू आत शिरतात. सुजलेल्या पायाला त्यांच्याशी लढता येत नाही. मग हुडहुडी भरून ताप येतो, पाय लालभडक होतो, जांघेत गाठ येते, बाई चार-पाच दिवस अंथरुणाला खिळते आणि रोवणीची मजुरी बुडते. जुनी माणसे याला धावरे म्हणतात. असा प्रत्येक झटका उरल्यासुरल्या लसिकावाहिन्यांचे आणखी नुकसान करतो आणि पाय आणखी जाड होतो. रोज साबणाने पाय धुऊन बेचक्या कोरड्या ठेवल्या तर हे झटके खरोखर कमी होतात. सगळ्या उपचारात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचे काम तेच. मात्र झटके कमी झाले तरी आधीची सूज उतरत नाही, आणि किट हातात पडल्यावर पुढे काय करायचे हे रुग्णाला कुणी सांगत नाही.

रक्ताला ढकलायला हृदय असते. लसिकेला, म्हणजे लसिकावाहिन्यांतल्या द्रवाला, तसा वेगळा पंप नाही. स्नायूंची हालचाल, वाहिन्यांचे स्वतःचे हलके आकुंचन आणि आतल्या झडपा यांवर ती वर चढते. ही वाट बंद पडली की प्रथिनयुक्त द्रव कातडीखाली साचतो. सुरुवातीला पाय रात्री वर ठेवला की सकाळी सूज उतरलेली दिसते. नंतर ती उतरेनाशी होते, आत तंतू वाढतात, कातडी जाड आणि खरबरीत होते. अनेक रुग्ण माझ्यापर्यंत येतात तेव्हा लघवीच्या गोळ्या खाऊन थकलेले असतात. त्या गोळ्या शरीरातले पाणी काढतात, प्रथिने जिथल्या तिथे राहतात, आणि ती पुन्हा पाणी ओढतात. इतके तरी प्रत्येक आरोग्य केंद्रात सांगितले गेले पाहिजे.

आता पंपाविषयी. पायात चढवायचा लांब बूट असतो, त्यात एकापुढे एक हवेचे कप्पे. आधी पावलापाशी हवा भरते, मग घोटा, पोटरी, मांडी असे कप्पे क्रमाने दाबत जातात, मग सगळे सैल होतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. साधारण 30 ते 60 मिलिमीटर पाऱ्याचा दाब, रोज अर्धा ते एक तास. ज्या बाईला नागपूरला रोजच्या उपचारासाठी जाणे शक्य नाही, जिचे पायात बळ नाही किंवा जिला मालिश करून देणारे घरात कुणी नाही, तिच्यासाठी हे यंत्र मोठा आधार आहे. माझ्या रुग्णांमध्ये चप्पल पुन्हा पायात जाऊ लागलेल्या बाया आहेत. चप्पल पायात आली की शेतात अनवाणी जाणे थांबते, म्हणजे जखमाही थांबतात.

पण याच यंत्राने बिघडलेले पायही मी पाहिले आहेत. एका घरात पंप दुकानातून थेट आणला होता. दुकानदाराने बटण कुठले एवढेच दाखवले. जास्त दाब म्हणजे लवकर गुण, या समजुतीने मुलाने दाब वाढवत नेला. नाजूक लसिकावाहिन्या त्या दाबाने मिटतात. पोटरी बारीक झाली, पण द्रव वर जाऊन मांडीच्या मुळाशी कड्यासारखा साचला. पंप लावण्याआधी पोटाचा आणि जांघेचा भाग हलक्या हाताच्या मालिशीने आणि खोल श्वासांनी मोकळा करायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. पुरुषांत हे न केल्यास सूज जननेंद्रियावर उतरण्याचा धोका असतो. पाय लाल आणि गरम असेल, ताप असेल, शिरेत रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, हृदय कमजोर असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर पंप लावायचाच नाही. ही तपासणी कुठलाही दुकानदार करणार नाही. ती डॉक्टरने करायची आणि कागदावर लिहून द्यायची.

पट्टी विसरली की सगळेच फुकट जाते. पंप काढल्यावर पाय मोकळा ठेवला तर काही तासांत द्रव परत उतरतो. म्हणून लगेच कमी ताणाची पट्टी थरांत बांधावी लागते, किंवा मापाचा घट्ट मोजा घालावा लागतो. औषधाच्या दुकानातले साधे क्रेप बँडेज इथे पुरत नाही, ते लवकर सैल होते. चांगल्या मोज्याची किंमत काही हजारांत जाते आणि रोज वापरला तर सहा महिन्यांत त्याचा ताण जातो, मग नवा लागतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर असताना थरांची पट्टी दिवसभर बांधून ठेवा, असे मी रुग्णाला कोणत्या तोंडाने सांगू? तरीही सांगते, कारण दुसरा मार्ग नाही. वेल्क्रोने सैल-घट्ट करता येणारी आवरणे उन्हाळ्यात सोयीची पडतात. ती महाग आहेत आणि आमच्या भागात सहज मिळतही नाहीत.

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यातून पंप पूर्वीपासून मिळत होता, मोजे आणि पट्ट्या मात्र मिळत नव्हत्या. रुग्णांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला, डिसेंबर 2022 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 2024 पासून त्यांचाही खर्च मिळू लागला. श्रीमंत देशाला हे उमजायला इतका काळ लागला. आपण सुरुवातच दोन्ही एकत्र देऊन करू शकतो. देशातही उदाहरण आहे. केरळात कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीने त्वचेची निगा, आयुर्वेद, योग आणि कॉम्प्रेशन पट्ट्या यांची सांगड घालून हत्तीरोगाच्या रुग्णांना घरी करता येईल असा उपचार उभा केला आहे. आपल्याकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगावर अनेक दशके संशोधन झाले आहे. ज्ञानाची कमतरता महाराष्ट्रात नाही.

मी हत्तीरोगाबद्दल अधिक लिहिले, कारण तो माझ्या भागातला आहे. पण स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायांचे दुखणे हेच आहे. काखेतल्या लसिकागाठी पूर्ण काढल्यावर साधारण पाचांपैकी एका बाईच्या हाताला पुढे सूज येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून तिची शस्त्रक्रिया होते, केमो होते, रेडिएशन होते. वर्ष-दोन वर्षांनी बांगडी मनगटात रुतू लागते, तेव्हा मात्र पंप, पट्टी, बाहीचा मोजा हे सारे तिच्या पदरच्या पैशांनी. ज्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकारने केला, तिच्यामुळे आलेल्या सुजेचा खर्चही सरकारने उचलावा. निदान शस्त्रक्रियेआधी दोन्ही हातांची मापे टेपने घेऊन कार्डावर लिहून ठेवण्याची सक्ती तरी आजच करा. त्याला टेप आणि दोन मिनिटे लागतात, आणि सूज बोटभर वाढली तरी लगेच कळते.

पंप सगळ्यांना कायमचे वाटू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाटपाच्या कार्यक्रमात फोटो निघतात आणि वर्षभराने यंत्रे माळ्यावर जातात. बुटाची चेन तुटली, नळी फाटली की दुरुस्तीला कुणी नसते. त्यापेक्षा तालुक्याला काही पंप ठेवावेत, वेगवेगळ्या मापांच्या बुटांसह. उपजिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टने रुग्ण तपासून दाब आणि वेळ ठरवावी, पहिले काही दिवस समोर लावून दाखवावे, मग यंत्र घरी द्यावे. आशाताईंनी घरभेटीत पायाचे माप घ्यावे, बेचक्या पाहाव्यात आणि ताप आल्यास पंप बंद करायला सांगावे. या जादा कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. सूज स्थिरावली की पंप पुढच्या रुग्णाकडे जाईल, पट्ट्या आणि मोजे मात्र दर सहा महिन्यांनी मिळत राहतील. गावात वीज जाते, म्हणून पट्टी बांधायला घरातल्या एकाला तरी शिकवावेच. यंत्रांचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून उभा राहू शकतो. मोज्यांचा खर्च दरवर्षीचा आहे, त्यासाठी विभागाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद लागेल.

हे पूर्ण राज्यात एकदम करा, असे मी म्हणत नाही. गडचिरोली, चंद्रपूर किंवा भंडारा, यांतला एक तालुका निवडा आणि पुढच्या रोवणीच्या आधी सुरुवात करा. रुग्णांच्या याद्या आपल्याच हत्तीरोग पथकांकडे आहेत, नव्याने पाहणी करायची गरज नाही. त्या तालुक्यातल्या आशाताईंना पट्टी बांधायला शिकवण्याचे काम मी विनामोबदला करीन, आणि माझ्यासोबत यायला तयार असलेले सहकारीही आहेत. तालुका कोणता आणि कधीपासून, एवढे आपल्या कार्यालयाने जाहीर करावे.

आपली,
पूर्व विदर्भातील एक फिजिओथेरपिस्ट