बेल्टच्या बकलातली क्लिप

डिचोली

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

गाडी घेतलीस, फार बरे वाटले. वेर्ण्याला रोज जायचे तर ती हवीच होती. पण शनिवारी तुझ्या शेजारी बसलो तेव्हा बकलात नुसती क्लिप खोचलेली दिसली, बीप वाजू नये म्हणून. "एअरबॅग आहेत ना बाबा," म्हणालीस. आईसमोर विषय वाढवला नाही, म्हणून लिहितो.

एअरबॅग बेल्टच्या भरवशावर बसवलेली असते. समोरून धडक बसली की गाडीचा वेग किती झपाट्याने उतरला ते सेन्सर सांगतो आणि कंट्रोल युनिट 15-20 मिलिसेकंदांत निर्णय घेते. बेल्टच्या रिळातला प्रीटेन्शनर पेटतो. त्याचा गॅस रीळ उलटे फिरवून ढिला बेल्ट दहा-बारा सेंटीमीटर आत ओढतो. तू सीटला घट्ट धरली जातेस. तोवर स्टिअरिंगमधली पिशवी साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते. डोळ्याचे पाते लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पिशवी बाहेर पडते ती ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने. बेल्ट लावलेल्या माणसाचे डोके तिच्यापर्यंत पोचते तेव्हा ती फुगून झालेली असते आणि मागच्या भोकांतून गॅस सोडत मऊ पडू लागलेली असते. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे सरकलेला असतो आणि फुगत असलेली पिशवी त्याच्या तोंडावर येते. त्यातून ती क्लिप कंट्रोल युनिटला बेल्ट लावलाय असे खोटेच सांगते.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मुलांना दाखवायला अपघातातल्या गाडीचे एक रीळ कापून ठेवले आहे. त्याच्या मधल्या पोलादी दांड्याला सुंभासारखा पीळ पडला आहे. छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा दांडा पिळत जातो आणि बेल्ट थोडा थोडा सोडतो, नाहीतर ज्या बेल्टने वाचवायचे त्यानेच बरगड्या मोडतील. केवढा बारीक विचार केलाय बघ! मुलांनी तो दांडा हातात घेतला की मला दरवेळी तूच आठवतेस.

तेव्हा ती क्लिप आजच काढून टाक. बेल्ट काखेखालून घेऊ नको. तो खांद्याच्या हाडावरून जाऊ दे, खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान 25 सेंटीमीटर अंतर ठेव. आई मागे बसली तरी तिलाही बेल्ट लावायला सांग. नव्या झुआरी पुलावर रस्ता मोकळा मिळाला की सगळेच ॲक्सिलरेटर दाबतात, तुझा भाऊसुद्धा.

आणि डॅशबोर्डवर शेजारच्या बाजूला चिकटवलेली गणपतीची मूर्ती हलव. त्या झाकणाखालीच दुसरी पिशवी आहे. ती उघडली की मूर्ती शेजारच्याच्या अंगावर दगडासारखी येईल. गणपतीला घरच्या देव्हाऱ्यात ठेवू.

अजून एक. चावी फिरवलीस की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही, किंवा लागून राहिला, तर मला लगेच फोन कर. सेकंडहँड गाडीत उडालेली पिशवी न बदलता दिवाच बंद केलेला असू शकतो. रविवारी स्कॅनर घेऊन येतो, तोपर्यंत गाडी बाहेर काढू नको, बसने जा.

तुझे
बाबा