वाफेच्या कपात मीठ किती, हे शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

छातीच्या ओपीडीत वाफेचं मशीन, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणारा नेब्युलायझर, सांभाळता सांभाळता तुम्ही दम्याच्या मुलांच्या आईबापांना जे समजावून सांगता, त्यासाठी आम्ही पालक मिळून हे पत्र लिहीत आहोत. चारचौघांत वाचलं जावं म्हणून मुद्दाम उघड लिहितोय, कारण मिठाच्या पाण्याचा घोळ घरोघरी आहे.

सलाइनवर, म्हणजे मिठाच्या पाण्यावर, औषध वाहून नेलं जातं, सलाइन स्वतः दम्याचं औषध नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगता. त्याचे आभार सगळ्यात आधी. ०.९ टक्के सलाइन म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. खारटपणा आपल्या रक्ताइतकाच, म्हणून श्वासनलिकांना त्याचा सहसा त्रास होत नाही. कफ थोडा ओला होतो, घशाला बरं वाटतं. नळ्यांची आतली सूज मात्र त्याने तसूभरही उतरत नाही. वाफेच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये तुलनेसाठी औषधाऐवजी अनेकदा हेच साधं सलाइन देतात, यातच सगळं आलं. रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करून नुसत्या सलाइनच्या वाफेवर राहणं म्हणूनच घातक.

दुसरा गैरसमज, जास्त खारट म्हणजे जास्त गुणकारी. २००६ साली ऑस्ट्रेलियातून ७ टक्के सलाइनचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पण तो सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचा होता. त्या आजारात कफ चिकट आणि कोरडा असतो, खारट पाणी नळ्यांत पाणी ओढून घेतं आणि कफ सुटतो. तिथेही आधी नळ्या रुंदावणारं औषध देतात. दम्यात गोष्ट उलटी. नळीच्या अस्तरावरचा ओलावा एकदम खारट झाला की तिथल्या मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) हिस्टामिन वगैरे द्रव्यं सोडतात आणि नळ्या आवळतात. हे इतकं खात्रीचं आहे, की ४.५ टक्के सलाइन हुंगायला देऊन दम्याची तपासणी करतात. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणारी हवा १५ टक्क्यांनी घटली, तर चाचणी सकारात्मक. म्हणजे घरी अंदाजाने मीठ वाढवणं म्हणजे हीच चाचणी डॉक्टरांवाचून करणं. नुसतं डिस्टिल्ड वॉटरही चालत नाही, अगदीच अळणी पाण्यानेही दमेकऱ्याच्या नळ्या आवळतात. स्वयंपाकघरातलं मीठ कालवून कपात घालणं तर नकोच. ते निर्जंतुक नसतं, आणि नळाच्या पाण्यातले जंतू वाफेबरोबर थेट फुप्फुसात उतरतात.

कप भरायची तुमची पद्धत आता अनेक घरांत पाठ आहे. साल्बुटामॉल या नळ्या रुंदावणाऱ्या औषधाची २.५ मिलीची रेस्प्यूल, म्हणजे प्लास्टिकची छोटी कुपी, तयार पातळ केलेली असते. तरी डॉक्टरांना विचारून त्यात दीड मिली सलाइन घालून ४ मिली करायचं, कारण कपाच्या तळाशी जवळपास १ मिली द्रव उरतोच. कप कमी भरला तर त्या उरलेल्यात औषधाचा मोठा वाटा अडकतो. मूल ताठ बसवायचं. मास्क गालाला टेकलेला हवा. बोटभर लांब धरला तर निम्म्याहून जास्त औषध हवेत जातं. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फारसं पोचत नाही, म्हणून आधी शांत करायचं. पाच ते दहा मिनिटांत वाफ तुटक येऊ लागली की कपाला टिचकी मारायची, आणि फुरफुर आवाज आला की थांबायचं. बुडेसोनाइड हे स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ आणि तोंड धुणं. ते औषध अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिकंपनांनी तुषार करणाऱ्या, मशीनमध्ये घालायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि ती पांढरी कडा! कप उजेडासमोर धरून तुम्ही तोंडाशी जमलेली मिठाची बारीक कडा दाखवता. सलाइन कपातच वाळलं की मीठ जेटच्या, म्हणजे कपात हवा जोराने जिथून येते त्या तोटीच्या, बारीक छिद्रात बसतं. मशीन घरघरत राहतं, वाफ मात्र विरळ. लोक मशीनला दोष देतात, कॉम्प्रेसर दुरुस्तीला नेतात. खरं तर दर वेळी कप आणि मास्क कोमट साबणाच्या पाण्यात धुवून, उकळून गार केलेल्या पाण्याने खळखळून, स्वच्छ कापडावर हवेत वाळवले की काम भागतं. हवेची नळी धुवायची नाही. तिच्यात ओल दिसली तर कप काढून मशीन मिनिटभर तसंच चालवायचं. फिल्टर करडा पडला की बदलायचा.

सलाइनच्या बाटलीबद्दल तुमचा धाक होता तो योग्यच. सुईने टोचलेली बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवून रोज त्यातून काढणारे खूप आहेत. त्यात जंतुनाशक घातलेलं नसतं. म्हणून छोटे प्लास्टिकचे अँप्युल घ्यावेत, उघडलेला लगेच वापरावा, उरलेलं टाकावं.

नाक धुण्याची तुमची शिफारस मात्र मनापासून पटली. ज्यांना दम्याबरोबर ॲलर्जीची सर्दी आहे, त्यांना जलनेती किंवा सलाइनने नाक धुण्याचा आराम मिळतो, आणि ते खारट पाणी फुप्फुसात जातच नाही. उकळून कोमट केलेल्या एका कपाला, म्हणजे साधारण २४० मिलीला, सपाट चहाच्या चमच्याच्या अर्ध्याहून किंचित कमी मीठ. न उकळलेलं पाणी चालणार नाही, कारण नाकातून मेंदूपर्यंत पोचणारा अमीबा क्वचित का होईना त्यात असतो.

मिठाच्या खोल्यांबद्दल, म्हणजे भिंतींना मीठ लावून खारट हवेत बसवतात त्या उपचारांबद्दल, कोणी विचारलं की तुम्ही रागावत नाही, हे आम्हाला आवडतं. पोलंडमधल्या व्हिएलिच्का खाणीत १८३९ साली खाणकामगारांच्या डॉक्टरने मिठाचे उपचार सुरू केले, तेव्हापासूनची ही कल्पना. दम्यावर ती लागू पडते असा पक्का पुरावा नाही. पैसे आहेत, पंप चालू आहे, तर विश्रांती म्हणून जा, एवढंच तुम्ही सांगता.

बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांखाली खड्डा पडतो, ओठ निळसर दिसतात, तर वाफ संपायची वाट न बघता १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) पंप देत राहायचा. हे तुम्ही लिहून दिलेलं चिठोरं आता कितीतरी घरांत मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे. त्यासाठी, आणि दर वेळी न कंटाळता तोच कप पुन्हा उघडून दाखवल्याबद्दल, मनापासून आभार.

आपले,
दम्याच्या मुलांचे आईबाप