नीळकंठशास्त्री गोऱ्यांनी लिहिलं काय, ते कोणी वाचणार का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला पंडिता रमाबाईंवरचा लेख वाचला. लेख चांगलाच होता पण त्यात नीळकंठशास्त्री गोरे यांचं नाव एका ओळीत येऊन गेलं, रमाबाईंवर प्रभाव टाकणारे धर्मांतरित पाद्री म्हणून, बास. तो लेख आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकला आणि खाली लगेच सुरू झालं, एक म्हणतो मिशनऱ्यांनी फसवला असणार, दुसरा म्हणतो पैशासाठी गेला असणार, तिसरे काका लिहितात अशांमुळेच धर्म बुडाला. हा माणूस का गेला यावर सगळ्यांकडे उत्तर तयार, पण याने लिहिलंय काय हे एकानेही विचारलं नाही. वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

गोरे घराणं मूळचं कोकणातलं, चित्पावन. नीळकंठ यांचा जन्म १८२५ चा, झाशीजवळचा, आणि वाढले बनारसला, पक्क्या शास्त्री परंपरेत. त्या काळात जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून हिंदू शास्त्रांपेक्षा ख्रिस्ती धर्म कसा सरस हे पंडितांच्याच भाषेत मांडलं होतं. त्याला पंडितांनी संस्कृतातच उत्तरं दिली. त्यातलं सगळ्यात तगडं उत्तर 'शास्त्रतत्त्वविनिर्णय', साधारण १८४४-४५ मधलं, आणि ते लिहिणारे हेच नीळकंठशास्त्री, वय जेमतेम वीस! म्हणजे जो माणूस पुढे ख्रिस्ती धर्माचा एवढा मोठा कैवारी झाला त्याने आधी हिंदू धर्माची बाजू लढवली होती, आणि ती नुसती शिवीगाळ करून नाही. त्यातला एक मुद्दा तर आजही कोणालाही गप्प करेल असा आहे. देव दयाळू आणि न्यायी, आणि माणसाला जन्म एकच, असं तुम्ही म्हणता, मग नुकतंच जन्मलेलं पोर दुःख का भोगतं, त्याने कधी आणि काय केलं? जनावरांनी कोणतं पाप केलंय? पूर्वजन्म आणि कर्म मानलं तर याचा काहीतरी हिशोब लागतो, तुमच्याकडे तो कसा लावणार? शिवाय तर्काबद्दलही त्यांचं म्हणणं होतं की आधी श्रद्धा, मग शास्त्र समजून घ्यायला तर्क, शास्त्रालाच तर्काच्या तराजूत टाकायचं नाही.

बनारसला विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी होते, त्यांच्याकडे हे गेले ते वाद घालायलाच. तो वाद लांबला, बायबल वाचून झालं, आतून पोखरत गेलं आणि मार्च १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला, नाव मिळालं नेहेम्या. घरच्यांसाठी तो केवढा घाव असेल याची कल्पना आपण करू शकतो. पुढे पत्नी गेली तेव्हा मुलगी तान्ही होती, ती दुसऱ्यांच्या घरी वाढली, इंग्लंडला गेली. पैशासाठी गेला म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. १८५४ मध्ये पंजाबचं राज्य गमावलेल्या महाराजा दुलीपसिंगांबरोबर गोरे इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, मॅक्स म्युलरना ऑक्सफर्डला भेटले तेव्हा लंडनमधलं ख्रिस्ती लोकांचं वागणं बघून पार खचलेले होते. तरी धर्म सोडला नाही, कारण तो त्यांनी लोकांकडे बघून धरलाच नव्हता.

आता मुख्य पुस्तक. 'षड्दर्शन दर्पण', १८६०, हिंदीत. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृत पंडिताने १८६२ मध्ये त्याचं इंग्रजी केलं. यात न्याय, सांख्य, वेदान्त अशी आपली दर्शनं एकेक घेऊन त्यांची चिकित्सा आहे, आणि करणारा माणूस ती दर्शनं बाहेरून चाळलेला नाही, परंपरेत बसून शिकलेला आहे, म्हणून ती झोंबते. वेदान्ताबद्दल ते विचारतात की ब्रह्म म्हणजे ज्ञान म्हणता, पण ज्ञान म्हटलं की ते कशाचं तरी असतं, जे कशालाच जाणत नाही त्याला ज्ञान म्हणायचं कशाला, मग दगडात आणि त्याच्यात फरक काय? तसंच व्यावहारिक सत्तेचं. जग खरं नाही पण व्यवहारापुरतं खरं, हे गोऱ्यांना मान्य नाही, एकतर आहे म्हणा नाहीतर नाही म्हणा, मधलं दार ठेवू नका.

मला स्वतःला हे सगळं पटत नाही. शांकरभाष्यातच आलंय की सूर्य प्रकाशतोच, समोर उजळायला काही असो नसो, तसं ज्ञान विषयावर अवलंबून नाही. म्हणजे वेदान्ती उत्तर देऊ शकतो, आणि मग त्या उत्तरावर गोऱ्यांच्या बाजूने परत प्रश्न येतो की सूर्य दिसतो तरी, हे निर्विषय ज्ञान कोणाला कधी दिसलं? अशी खरी चर्चा होऊ शकते हो! ग्रुपवर दोनशे मेसेज पडले त्यात या तोडीचा एक प्रश्न नव्हता.

१८७० मध्ये ते पूर्ण पाद्री झाले, पुढे काउली फादर्स या अँग्लिकन संन्यासी पाद्र्यांच्या संघात उमेदवारी केली पण कायमची व्रतं शेवटपर्यंत घेतली नाहीत. मनातल्या शंका आयुष्यभर छळत राहिल्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत, मला यासाठी हा माणूस फार आवडतो. ब्राह्मो समाजाशी त्यांचा वाद झाला, त्यात त्यांचं म्हणणं की तुमची ही दयाळू सृष्टिकर्त्याची कल्पना ख्रिस्ती धर्मातून आलेली आहे, मग मूळ धर्म का नाकारता. पुण्यात १८८२ च्या सुमारास रमाबाईंशी ओळख झाली आणि रमाबाई इंग्लंडात वाँटेजला असताना पत्रातून चर्चा चालू राहिली. रमाबाईंनी १८८३ मध्ये तिथे बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या मनावर गोऱ्यांच्या विचारांचा परिणाम झाला हे पुढे स्वतः लिहिलं. आणि रमाबाई म्हणजे कोणी सांगितलं म्हणून मान डोलावणाऱ्या नव्हेत, त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतावरून त्यांनी चर्चच्या लोकांशी किती वाद घातला ते त्यांच्या पत्रांत आहे.

१८९५ मध्ये गोरे मुंबईत वारले. बाबा पदमनजी किंवा रेव्हरंड टिळक आपल्याला माहीत असतात कारण त्यांची कादंबरी आहे, कविता आहे, मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जागा आहे. गोऱ्यांचं मुख्य लिखाण संस्कृत, हिंदी आणि इंग्रजीत, त्यामुळे मराठीवाल्यांना ते आपले वाटले नाहीत, हिंदूंना ते नकोसे आणि ख्रिस्ती मंडळींतही आता फार कोणी त्यांचं वाचत नाही.

आपल्याला दोन विनंत्या. एक, रमाबाईंवरच्या लेखाला जोडून एक पान गोऱ्यांना द्या, त्यात शास्त्रतत्त्वविनिर्णयातला कर्माचा युक्तिवाद आणि षड्दर्शन दर्पणातली वेदान्ताची चिकित्सा, दोन्ही मराठीत शेजारी शेजारी छापा, मध्ये कोणाचं भाष्य नको. दुसरी विनंती ठाण्यातल्या संस्थांना. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, म्हणजे गोरे हयात असतानाचं. तिथे एखाद्या शनिवारी संध्याकाळी एक वेदान्त शिकवणारे आणि एक ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणारे असे दोघे बोलवावेत, विषय फक्त गोऱ्यांचे प्रश्न, धर्मांतर नाही. खुर्च्या मांडायला, लोकांना फोन करायला मी येईन, आणि ग्रुपवरच्या त्या तिघांना घेऊन येईन.

आपली नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)