शेवटचे पाचशे मीटर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला अर्जाचा फोटो मोठा करून नीट वाचला. किनाऱ्यालगतचा रस्ता गाड्यांना कायमचा बंद करून तिथे फक्त पायी फिरायची जागा करायचा प्रस्ताव रद्द करा, एवढंच त्यात लिहिलंय. तुम्ही विचारलंत, सही करू का? माझं म्हणणं, या मजकुरावर करू नका. पण गप्पही बसू नका. हरकती नोंदवायची मुदत अजून आहे, आणि तुम्हा दोघांना जे मागायला हवं ते या अर्जात कुठेच नाही.

आधी आईशी बोलते. आई, परवा फोनवर तू म्हणालीस, “आमचं काय आता, आम्ही घरातच बसू.” ते मला फार लागलं. समुद्रकाठचे हे फिरायचे रस्ते मुळात धडधाकट माणसांसाठी झालेलेच नाहीत. अठराव्या शतकात युरोपातली माणसं किनाऱ्यावर जायची ती डॉक्टरांनी समुद्रस्नान आणि खारी हवा सांगितली म्हणून. फ्रान्समधल्या नीस शहराचा ‘प्रोमेनाड देझांग्ले’ 1820 च्या दशकात बांधला गेला, तो हिवाळा टाळायला आणि तब्येत सांभाळायला तिथे येऊन राहणाऱ्या इंग्रजांच्या पैशातून. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर आजाऱ्यांना तीन चाकांच्या ‘बाथ चेअर’मध्ये बसवून फिरवत असत. म्हणजे थकलेल्या, दुखऱ्या माणसांचा या वाटेवर पहिल्यापासून हक्क आहे. गाड्या फार नंतर आल्या. तेव्हा ‘आमचं काय’ असं तू म्हणायचंच नाही.

आता बाबा, तिथून गाड्या हटाव्यात असं मला मनापासून वाटतं. रस्ता ओलांडताना तुमचं पाऊल अचानक जमिनीला चिकटल्यासारखं होतं. मनात चालायचं असतं, पाय उचलत नाही, आणि तेवढ्यात कुणी हॉर्न वाजवला की ते आणखी घट्ट होतं. पार्किन्सन असलेल्या माणसाला घाई करणं म्हणजे त्याला थांबवणंच. ज्या वाटेवर मागून कुणी घाई करत नाही, अशी वाट तुम्हाला मिळायला हवी. डेन्मार्कच्या कोपनहेगनमधला स्ट्रोगेट हा बाजाराचा रस्ता 1962 मध्ये गाड्यांना बंद केला, तेव्हा दुकानदारांनी धंदा बुडणार म्हणून ओरड केली होती. तो रस्ता आजही पायी चालणाऱ्यांचाच आहे आणि गजबजलेला आहे. पुदुच्चेरीला किनाऱ्यावरचा गुबेर अव्हेन्यू संध्याकाळी वाहनांना बंद होतो आणि रात्रभर बंदच असतो. तिथे म्हातारी माणसं, लहान मुलं रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात. गाड्यांचा आवाज गेला की लाटांचा ऐकू येतो, आणि कानाला यंत्र लावणाऱ्या आईला शेजारच्याचं बोलणंही.

मग माझी हरकत कशाला आहे? अंतराला. आराखड्यात दोन्ही टोकांना वाहनतळ आणि मध्ये सगळी मोकळी जागा दाखवलीय. कागदावर ते देखणं दिसतं. पण बंद पट्टा एक किलोमीटरचा असेल, तर मध्यापर्यंत जायला 500 मीटर चालावं लागणार आणि तितकंच परत यायला. ब्रिटनच्या वाहतूक खात्याच्या सुगम्यतेवरच्या मार्गदर्शिकेत विश्रांती न घेता माणूस किती चालू शकतो याचे ढोबळ आकडे दिले आहेत: व्हीलचेअर वापरणाऱ्याला 150 मीटर, चालायला त्रास होतो पण काठी लागत नाही अशाला 100, आणि काठी घेऊन चालणाऱ्याला 50. पन्नास, बाबा! म्हणजे तुम्हाला मध्यावर पोचेपर्यंत नऊ वेळा बसावं लागेल. वाटेत बसायला काही नसेल, तर तो रस्ता तुमच्यापुरता पहिल्या पन्नास मीटरवरच संपला. म्हणूनच त्याच मार्गदर्शिकेत वर्दळीच्या पायवाटांवर दर 50 मीटरला बसायची सोय हवी असं म्हटलंय.

हे न पाहता घाईने रस्ता बंद केला की काय होतं ते इंग्लंडमधल्या ब्रायटनला दिसलं. 2020 च्या टाळेबंदीत तिथला समुद्रालगतचा मदेरा ड्राइव्ह गाड्यांना बंद केला. चालणारे आणि सायकलवाले खूश झाले, पण अपंग माणसं म्हणू लागली की आम्ही आता किनाऱ्यावर पोचायचं कसं? तो रस्ता कड्याच्या पायथ्याशी आहे, वरच्या रस्त्यावरून खाली यायला जिने नाहीतर लांबचा उतार. पुढे तिथे एकेरी वाहतूक पुन्हा सुरू झाली. पण आधी बंद करायचं आणि मग सोयी आठवायच्या, यात ज्यांचं फिरणं तेवढे महिने थांबतं त्यांना ते कुणी परत देत नाही. तुमच्या वयाला तर मुळीच नाही.

म्हणून पहिली मागणी ही करा: सर्वांच्या गाड्या बंद, पण अपंग आणि चालता न येणाऱ्या माणसांना सोडणारी गाडी सावकाश मध्यापर्यंत येऊ शकेल, तिला वळायला जागा असेल आणि दोन-चार राखीव जागा आतच असतील. नुसता ‘परवानगी मिळेल’ असा शब्द घेऊ नका. तिथले अडथळ्याचे खांब कोण खाली करणार, किती वाजेपर्यंत, फोन कुठे करायचा, हे लिहून घ्या. त्या रस्त्यावरच ज्यांची घरं आहेत, त्यांच्याकडे येणाऱ्या नर्सचा, फिजिओथेरपिस्टचाही प्रश्न आहे. छोटी विजेवर चालणारी गाडी फिरवणार असं ऐकतेय. चांगलंच आहे, पण तिला रॅम्प आणि व्हीलचेअर बांधायची सोय नसेल तर ती तुमच्यासाठी नाही.

बाकांबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे मी आईच्या बाबतीत रोज बघितलंय. आई बसते सहज, प्रश्न उठण्याचा असतो. बाक बुटका असला आणि हाताला दांडा नसला, की ती आधी पुढे सरकते, मग दोन्ही तळवे मांड्यांवर दाबते, एकदा उठायचा प्रयत्न करते, पुन्हा बसते आणि आजूबाजूला बघते, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. किनाऱ्यांवर हल्ली जे गुळगुळीत दगडी ओटे करतात ते फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांना ना पाठ असते ना हात. बाकाला पाठ आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, आणि शेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी जागा, म्हणजे बाबा खुर्चीत असले तरी दोघं शेजारी बसाल.

तुमचे ते मित्र, पांढरी काठी घेऊन फिरायला येणारे, त्यांनाही अर्जावर बोलवा. रस्ता पायी लोकांना दिला की पहिल्यांदा काढून टाकतात ती फुटपाथची कड. सगळं एका पातळीत आलं की चाकाच्या खुर्चीला बरं, पण अंध माणसाच्या काठीला तीच कड दिशा दाखवत असते. ब्रिटनमध्ये अशा सपाट रस्त्यांबद्दल अंध माणसांच्या तक्रारी इतक्या झाल्या की 2018 मध्ये सरकारने पालिकांना नव्या योजना थांबवायला सांगितलं. उत्तर आहे ते उंचवट्यांच्या फरश्यांची सलग पट्टी. त्या फरश्या जपानच्या सेईइची मियाके यांनी काढल्या आणि 1967 मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. पट्टीवर फिरते विक्रेते, सायकली आणि वाळू साचता कामा नये, एवढं पाहायचं. सायकलींना वेगळी मार्गिका हवीच. गाडी येताना निदान ऐकू येते, सायकल आणि ई-स्कूटर ऐकूच येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पावसाचं पाणी जाण्यासाठी ज्या लोखंडी जाळ्या टाकतात, त्यांच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या असल्या की व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक आत जातं आणि बसलेला माणूस पुढे कलंडतो. उतार 1 ला 12 पेक्षा, म्हणजे बारा फूट लांबीत एक फूट चढापेक्षा, तीव्र नको. खाऱ्या हवेत लोखंड आणि लिफ्ट लवकर गंजतात, तेव्हा देखभालीचा खर्च आत्ताच धरायला सांगा. स्वच्छतागृह टोकाला नको, मध्ये हवं. नाहीतर लोक पाणी न पिता फिरायला निघतात, हे आईला सांगायला नको.

आणि समुद्राच्या कडेला बसून बघण्यावरच थांबू नका. चेन्नईच्या मरीनावर 2022 च्या नोव्हेंबरात व्हीलचेअर पाण्याजवळ नेणारी लाकडी वाट झाली. डिसेंबरात मांडूस चक्रीवादळाने ती मोडली, मग दुरुस्त करून पुन्हा सुरू केली. ग्रीसमध्ये ‘सीट्रॅक’ नावाची सौरऊर्जेवर चालणारी खुर्ची रुळांवरून थेट पाण्यात उतरते, बसणाऱ्याला रिमोटने ती स्वतः चालवता येते. बाबा, तुम्ही शेवटचे कधी पाण्यात उतरलात? मला ते पुन्हा बघायचंय.

आता असं करा. त्या अर्जात ‘प्रस्ताव रद्द करा’ खोडून ‘या सोयींसह राबवा, आणि सोयी पूर्ण झाल्याशिवाय बंद करू नका’ असं लिहा. सुनावणीआधी ज्यांना चालायला त्रास होतो अशा माणसांना घेऊन अधिकाऱ्यांनी तो पट्टा एकदा पायी चालून पाहावा, हीही मागणी घाला. मसुदा मी लिहून पाठवते, आई तो मोठ्याने वाचून बघेल आणि अडेल तिथे मला सांगेल. आराखड्याच्या नकाशाचा फोटो मात्र उद्याच पाठवा, त्यावर बाकांच्या जागा खुणेने दाखवायच्या आहेत. सुनावणीच्या दिवशी मी येतेय. बोलायचं मात्र तुम्ही. आवाज बारीक झालाय म्हणून मागे बसू नका, मी माईक तुमच्यासमोर धरीन.

तुमची,
मनू