आधी आयडलर बघ, मग स्प्रॉकेट मागव

अहिल्यानगर,
रविवार

प्रिय नंद्या,

सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ मिळाला. तुझं मोटरवर चालणारं टायगरचं (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं) मॉडेल सरळ मस्त चालतंय, पण जागेवर डावीकडे फिरवलंस की टक्-टक् करून डावा ट्रॅक, म्हणजे कड्यांचा पट्टा, उतरतो. आणि तुझं निदान तयारच: ‘स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक) गेलंय, मेटलची जोडी मागवतोय.’ अरे, थांब जरा. सेकंडहँड घेताना वाचवलेले पैसे स्प्रॉकेटवर घालवायच्या आधी हे वाच. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मधेच ‘हो हो, कळलं’ म्हणतोस आणि मग भलतंच करून बसतोस.

आवाज पुढून येतोय म्हणून दुखणं पुढेच असेल असं नाही. टायगरचं स्प्रॉकेट पुढे, आयडलर (ट्रॅक ताणून धरणारं मोकळं चाक) मागे. गाडी पुढे जाते तेव्हा स्प्रॉकेट वरचा पट्टा स्वतःकडे ओढतं, त्यामुळे वरची बाजू ताठ राहते. रिव्हर्सला सगळं उलटं. तेव्हा जमिनीवरची बाजू ओढली जाते आणि होती नव्हती ती ढिलाई वर जमा होते. आता जागेवर डावीकडे फिरताना डावा ट्रॅक कुठल्या दिशेला जातो? रिव्हर्स. म्हणजे वरचा ढिला पट्टा मागे सरकत आयडलरवर चढतोय आणि खालून तुझा जाडजूड गालिचा त्याच ट्रॅकला आडवा रेटतोय. आयडलर जराही तिरका असेल, तर कडी त्याच्या कडेवर चढते, ट्रॅक एकदम आवळतो आणि मग पुढे स्प्रॉकेटचे दाते कड्यांवरून घसरतात. तो तुझा टक्-टक्. स्प्रॉकेट बिचारं फुकट मार खातंय.

म्हणून आधी मागून बघ. गाडी टेबलावर ठेव, गाल टेबलाला टेकव, एक डोळा मीट आणि आयडलर, चाकं, स्प्रॉकेट एका रेषेत दिसतात का ते पाहा. इथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये (१९९४ पासून आहे, तरी तू अजून आलेला नाहीस) विजयंता या आपल्या रणगाड्याच्या मागे उभं राहिलं की ही रेष काय चीज असते ते कळतं. तिथे टायगर मात्र नाही. टायगर साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये आयडलरचा खुंट थेट प्लॅस्टिकच्या हलमध्येच (गाडीच्या खालच्या धडात) बसवलेला असतो. आधीच्या मालकाने तुझ्या गाडीवर मेटल ट्रॅक चढवलाय. त्या ताणाने खुंट हळूहळू पुढे आणि आत झुकतो. बोटाने आयडलर पुढे-मागे दाबून बघ. त्याच्याबरोबर हलची भिंतही हलली तर चोर सापडला. आतल्या बाजूने दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अ‍ॅराल्डाइटने चिकटव, एक रात्र तशीच राहू दे. प्लॅस्टिक आधी पॉलिश पेपरने खरखरीत करायला विसरू नकोस, नाहीतर पट्टी दोन दिवसांत हातात येईल. खुंट सरळ आहे पण आयडलर आत-बाहेर सरकलाय, एवढंच असेल तर मागे वॉशर घालून भागतं. मागेपुढे करता येणारा धातूचा आयडलर माउंट मिळतो. पैसे घालवायचेच असतील तर त्यावर घालव. खऱ्या टायगरचा ताणही मागूनच, आयडलर सरकवून लावायचे.

एवढं करूनही आवाज राहिला तरच स्प्रॉकेटकडे वळ. तिथेही डोळ्यांच्या आधी कान वापर. टरेट (वरचा तोफेचा फिरता भाग) काढून गाडी टॉवेलवर पालथी घाल. स्प्रॉकेटच्या एका दातावर व्हाइटनरचा ठिपका दे, ट्रॅकच्या एका कडीवर दुसरा. आता अगदी सावकाश चालव. आवाज दर वेळी दातावरचा ठिपका एकाच जागी आल्यावर होतोय का? तर दोष स्प्रॉकेटचा किंवा शाफ्टचा. कडीवरचा ठिपका त्याच जागी आल्यावर होतोय? तर एखादी कडी वाकडी आहे, नाहीतर पिन बाहेर आलीय. दोन्हींत गल्लत होत नाही. खऱ्या टायगरला स्प्रॉकेटवर २० दाते आणि एका बाजूला ९६ कड्या, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा होईतो स्प्रॉकेटचे जवळजवळ पाच. तुझ्या मॉडेलचे दाते नि कड्या मोजून घे, पण हिशेब याच चालीचा.

जवळून बघशील तर गंमत वाटेल. दात नीट बसणार असेल तर तो कडीच्या खाचेत निमूट उतरतो. बसणार नसेल तर खाचेच्या काठावर टेकतो, कडी केसभर वर उचलली जाते, शेजारची कडी तिच्याबरोबर तिरकी होते, आणि मग दात काठावरून सटकून टक् करून खाली पडतो. त्या काठावर चकचकीत ओरखडा उठलेला दिसेल. सगळ्या कड्यांवर एकसारखा ओरखडा असेल तर ताण किंवा रेष चुकलीय. मोजक्याच कड्यांवर असेल तर त्या कड्या कानशीने घास, ओतकामाची कूस राहिलेली असते.

दोष स्प्रॉकेटचाच निघाला तरी दात क्वचितच तुटलेले असतात. बहुतेकदा मधलं डी आकाराचं भोक झिजून गोल झालेलं असतं. शाफ्ट फिरतो, स्प्रॉकेट अर्धा क्षण उशिरा फिरतं. एका हाताने मोटरकडचा गिअर धर, दुसऱ्याने स्प्रॉकेट हलव, लगेच कळेल. ते हललं आणि शाफ्ट जागेवरच राहिला, तर मात्र तुझं म्हणणं खरं: धातूचं स्प्रॉकेट घे, पण ग्रब स्क्रूवालं (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूने शाफ्टवर आवळायचं), आणि स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच आवळ. गोल बाजूवर आवळलास तर चार वळणांत ढिला होतो. आणि स्प्रॉकेटबरोबर सगळा गिअरबॉक्सच डुलत असेल, तर खालच्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांचे आटे गेलेत. तिथे सोन्याचं स्प्रॉकेट बसवलंस तरी ट्रॅक उतरणारच.

ताणाबद्दल तुझा हट्ट मला माहीत आहे, प्रत्येक गोष्ट करकचून आवळायची. इथे ते चालत नाही. जास्त आवळलंस की आयडलर आणखी झुकतो, मोटर तापते आणि गिअर कण्हायला लागतात. वरचा पट्टा मधल्या चाकांवर अलगद टेकला पाहिजे आणि दोन बोटांनी थोडा उचलता आला पाहिजे. टायगरला वर वेगळे रोलर नसतात, पट्टा मोठ्या चाकांवरच विसावतो, त्यामुळे हे डोळ्यांना लगेच दिसतं.

आता मेटल ट्रॅक. मोटरसायकलवाला चेन बदलताना स्प्रॉकेटही बदलायला लावतो तेव्हा आपल्याला तो लुटतोय असं वाटतं, पण कारण खरं असतं, आणि इथेही तेच. पिनांनी कड्यांची भोकं झिजतात, प्रत्येक कडी केसभर लांबते, ट्रॅक लोंबायला लागतो. आपण एक कडी काढतो आणि खूश होतो. लांबी कमी झाली, पण दोन कड्यांमधलं अंतर वाढलं ते वाढलंच. स्प्रॉकेटच्या दातांमधलं अंतर मात्र जुनंच, म्हणून दात पुन्हा काठावर चढतात. एक कडी काढणं ठीक. दुसरीही काढायची वेळ आली तर ट्रॅकच बदल. आणि मेटल ट्रॅकखाली प्लॅस्टिकचं स्प्रॉकेट कायमचं ठेवू नकोस, दात भराभर खाल्ले जातात; पण तेही आयडलर सरळ केल्यावरच बदल.

पिना बाहेर येत असतील तर हलच्या बाजूला बारीक रेघोट्या उठलेल्या दिसतील. पिनेच्या टोकाला फेविक्विकचा अगदी छोटा थेंब, सुईने लाव. जास्त झाला तर कडी आखडून बसते. खऱ्या टी-३४ रणगाड्याला रशियनांनी यावर झकास तोड काढली होती: हलवर मागे एक पट्टीच जोडलेली, बाहेर सरकलेली पिन तिच्यावर आपटून आपोआप आत जायची. माझ्या टी-३४ च्या मॉडेललाही पत्र्याची तशीच पट्टी लावलीय, दिसायला अगदी अस्सल दिसते.

तेल अजिबात लावू नकोस, ग्रॅफाइटची पूड पुरे. गालिच्यावरचे धागे आणि लेकीचे केस चाकांत गुंडाळले जातात ते चिमट्याने काढ. टायगरची चाकं एकमेकांत अडकवलेली असतात, त्यामुळे आतलं एक चाक मोकळं करायला बाहेरची बरीच काढावी लागतात. रशियाच्या थंडीत याच फटींत चिखल गोठायचा आणि जर्मन जवान शिव्या घालत बसायचे. तुझ्या नशिबात गालिच्याचे धागे आहेत, तेवढं चालवून घे. आणि जागेवर गोल फिरवायचंच असेल तर फरशीवर फिरव.

तर आता असं कर. पट्टी लावायच्या आधी मागून एक फोटो काढ, कॅमेरा आयडलरच्या उंचीवर ठेवून. दुसरा फोटो स्प्रॉकेट काढून मधल्या भोकाचा. दोन्ही पाठव, मग मागवायचं की नाही ते ठरवू. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना गालिच्याबद्दल माझ्यातर्फे माफी माग.

तुझा,
बाळ्या

ता. क. ग्रब स्क्रूला थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) निळं लाव, लाल लावलंस तर पुन्हा सहजासहजी निघायचं नाही. आणि ते प्लॅस्टिकला लागू देऊ नकोस, तडे जातात.